‘एरिया चांगला आहे ना?’

ज्यांची मुलं परदेशात आहेत अशा आम्हा आयांचा एक ठरलेला प्रश्न असतो. बस्तीतून दर्शन करून बाहेर पडताना, लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, कुठंही दोघी भेटल्या की आधी आडून आडून पगार विचारला जातो, मग घर स्वतःचं की भाड्याचं ते, आणि मग आवाज थोडा खाली आणून, "एरिया चांगला आहे ना हो?" समोरची लगेच म्हणते, "एकदम सेफ. सगळे आपल्यासारखेच लोक आहेत." ऐकणारीचा जीव भांड्यात पडतो. दोघी प्रसादाकडं वळतात.

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला आहे. आता मात्र तो मला टोचायला लागला आहे. हा लेख त्या प्रश्नाविरुद्ध आहे, म्हणजे पहिल्यांदा माझ्याविरुद्धच आहे. वाचून कुणाला राग आला तर येऊ दे.

२०१८ साली माझ्या लेकीला अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन या गावी नोकरी लागली. डेलावेअर नदीच्या एका काठाला फिलाडेल्फिया, दुसऱ्या काठाला कॅम्डेन. वस्ती पाऊण लाखाच्या आतली. म्हणजे आमच्या बेळगावपुढं अगदीच लहान. पेढे वाटायच्या आधीच नात्यातला एक भाचा फोनवर म्हणाला, "काकू, कॅम्डेन? तिथं लोक गाडीची काचसुद्धा खाली करत नाहीत." झालं. त्या रात्री मी आकडे वाचायला बसले. २०१२ साली त्या एवढ्याशा गावात ६७ खून झाले होते. लाखामागे हिशेब केला तर ८७ च्या आसपास. त्याच वर्षी अख्ख्या अमेरिकेचा दर लाखामागे पाच सुद्धा नव्हता. माझ्या हातापायातलं बळ गेलं.

लेकीनं कामाच्या ठिकाणापासून सात मिनिटांच्या चालीवर दोन खोल्यांची जागा बघितली होती. मी चार रात्री फोनवर रडले, चिडले, शपथा घातल्या. ह्यांनीही माझीच री ओढली. शेवटी ती कंटाळून म्हणाली, "आई, तू म्हणशील तिथं राहते." मग शेजारच्या चेरी हिल या उपनगरात तिनं जागा घेतली. भाडं जास्त, वर गाडीचं कर्ज, रोज जाऊन येऊन गाडी हाकणं. पण एरिया चांगला! मी मंडळात सगळ्यांना मान वर करून सांगितलं.

२०१९ च्या उन्हाळ्यात मी तीन महिने तिच्याकडं जाऊन राहिले, तेव्हा माझं मलाच कळेना की मी नक्की काय जिंकले होते.

आधी आकड्यांचंच बघू, कारण आपण बायका आकड्यांना फार लवकर शरण जातो. मी धसका घेतला तो २०१२ चा. त्यानंतर सहा वर्षं गेली होती. २०११ च्या जानेवारीत पैसे नाहीत म्हणून त्या शहरानं जवळजवळ निम्मे पोलीस घरी पाठवले होते, त्याच्या पुढच्याच वर्षी ते ६७ खून झाले. २०१३ च्या मे महिन्यात शहराचं पोलीस खातंच बरखास्त झालं आणि जिल्ह्याच्या पातळीवर नवं खातं उभं राहिलं. पोलीस गाडीतून उतरून गल्लीत पायी फिरायला लागले, दारं वाजवून नावं विचारायला लागले. सुरुवातीला त्यांनी बारीकसारीक गोष्टींसाठी चिठ्ठ्या फाडून गरिबांना जेरीस आणलं, त्यावर टीका झाली, मग बळ कधी आणि किती वापरायचं याचे नियम कडक केले. २०१८ साली, म्हणजे माझी लेक गेली त्या वर्षी, तिथं २२ खून झाले. सहा वर्षांत एक तृतीयांशावर! तरीही तो आकडा देशाच्या मानानं मोठाच आहे, हे मी नाकारत नाही. पण मी घाबरले ते सहा वर्षांपूर्वीच्या गावाला, आणि तेच गाव मी सगळ्यांना सांगत सुटले.

दुसरं असं की, पाऊण लाखाच्या गावात दहा-बारा घटना कमीजास्त झाल्या तरी लाखामागचा दर कुठल्या कुठं जातो. शहरांची अशी गुणवार क्रमवारी लावू नका असं खुद्द एफबीआयच आकड्यांसोबत सांगते, कारण प्रत्येक गावाची गरिबी वेगळी, वस्तीचं वय वेगळं, तक्रार नोंदवण्याची सवयही वेगळी. अभ्यासक आणखी एक सांगतात. शहरातले निम्मे गुन्हे रस्त्यांच्या अगदी थोड्या तुकड्यांवर, शंभरातल्या चार-पाच तुकड्यांवर घडतात. बाकीच्या गल्ल्यांत लोक धुणं वाळत घालत असतात. आपण मात्र सगळ्या गावाला एकच रंग फासून मोकळे होतो.

आणि ‘सुरक्षा’ म्हणजे फक्त अनोळखी माणसाच्या हातून होणारा खून, हे कुणी ठरवलं? २०१९ साली अमेरिकेत रस्त्यावरच्या अपघातांत ३६ हजारांहून जास्त माणसं गेली. खून झालेल्यांची संख्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. मी लेकीला सात मिनिटांच्या चालण्यापासून वाचवलं आणि रोजच्या हमरस्त्यावर ढकललं. हिवाळ्यात बर्फावरून गाडी घसरून कठड्याला घासली, हे तिनं मला चार महिन्यांनी सांगितलं. "तू काळजी करशील म्हणून" सांगितलं नव्हतं. बंदुकीचंही तसंच. २०२१ साली त्या देशात ४८,८३० माणसं बंदुकीनं मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. म्हणजे बहुतेकदा आपली किंवा घरातलीच बंदूक, आपलाच हात. चांगल्या एरियातल्या कपाटातली बंदूक काय एरिया बघून उडते?

एके दिवशी मी लेकीच्या मागे लागून तिच्याबरोबर कॅम्डेनला गेले. त्या उपनगरातून फिलाडेल्फियाला जाणारी एक आगगाडी आहे, ती कॅम्डेनमधूनच जाते आणि मग मोठ्या पुलावरून नदी ओलांडते. चेरी हिलची माणसं त्या गाडीत बसून कॅम्डेनच्या पोटातून जातात, पण उतरत नाहीत. आम्ही उतरलो. मला वाटलं होतं रणांगण असेल. चाळीसारखी एकमेकींना चिकटलेली विटांची घरं, त्यांतली काही फळ्या ठोकून बंद. मधेच पडलेल्या घराची मोकळी जागा, दात पडल्यासारखी. पलीकडच्या पायरीवर एक आजी मटारासारखं काहीतरी सोलत बसली होती. वॉल्ट व्हिटमन हा कवी म्हातारपणी ह्याच गावात राहिला आणि १८९२ साली इथंच वारला, हे मी बी.ए.ला असताना परीक्षेसाठी पाठ केलं होतं. गावाचं नाव मात्र साफ विसरले होते.

लेकीबरोबर काम करणाऱ्या एका बाईनं आम्हाला घरी नेलं. काळ्या वर्णाचं कुटुंब. तिची आई माझ्याच वयाची, गुडघे माझ्यासारखेच धरलेले. खिडक्यांना गज होते. तिचा भाचा गोळीनं गेला होता. फोटो भिंतीवर, त्याला हार नव्हता एवढंच. माझं इंग्रजी बेताचं, तिचं बोलणं भरभर, लेक मधे दुभाषी. ती म्हणाली ते एवढंच, की सगळे जण आपापल्या मुलांना आमच्याकडं येऊ नका म्हणून सांगतात. आम्ही आमच्या मुलांना कुठं जाऊ नका म्हणून सांगायचं?

मला उत्तर सुचलं नाही. मी चहाचा कप धरून बसले.

गुन्ह्याचा दर वाचताना आपल्या डोळ्यांपुढं गुन्हेगार येतात. ही बाई येत नाही. वास्तविक त्या आकड्याखाली सगळ्यांत जास्त भरडलेली तीच आहे. २०१२ चे ६७ जीव म्हणजे ६७ आया. आणि आपण त्या आकड्याचा उपयोग कशासाठी केला? तिच्यापासून चार मैल लांब राहण्यासाठी.

तिच्या गावाची ही दशा कशानं झाली हेही विचारायला नको का? ग्रामोफोनसमोर कान लावून बसलेल्या कुत्र्याचं चित्र आपल्या घरच्या तबकड्यांवर होतं, आठवतं? ते चित्र अमेरिकेत वापरणारी व्हिक्टर कंपनी ह्या कॅम्डेनची. कॅम्पबेल सूपची कंपनी १८६९ साली इथंच निघाली. नदीकाठी प्रचंड जहाजं बांधत होते. १९५० साली गावाची वस्ती सव्वा लाखाच्या घरात होती. मग कारखाने हलले, जहाजांची गोदी १९६७ ला बंद झाली, कामं गेली. ज्यांना जाता आलं ते गेले. कोणाला जाता आलं आणि कोणाला नाही, हे मात्र नशिबानं ठरलं नव्हतं. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारच्या गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्यांना लाल रंग, आणि लाल रंगाचा अर्थ लिहिलेला, ‘धोकादायक’. तिथं घरासाठी सरकारी भरवशाचं कर्ज मिळणं मुश्कील. गोऱ्या कुटुंबांना उपनगरात घर घ्यायला तेच कर्ज हसत हसत. चेरी हिलची वस्ती १९५० साली दहा हजारांच्या आसपास होती, ती १९७० पर्यंत चौसष्ट हजारांवर गेली. त्याच वीस वर्षांत कॅम्डेन रिकामं आणि गरीब होत गेलं.

क्रम नीट बघा, बायांनो. त्या वस्त्यांत बंदुका बोकाळायच्या कितीतरी आधी नकाशावर ‘धोकादायक’ लिहिलं गेलं. पैसा काढून घेतला, काम काढून घेतलं, घरं पडू दिली, आणि मग चाळीस वर्षांनी तिथं खरोखरच धोका उगवला तेव्हा सगळे म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?

जवळच्याच माउंट लॉरेल गावात गरिबांना परवडतील अशी घरं बांधू न देण्याचे नियम केले होते. त्याविरुद्ध काळ्या समाजातल्या एथेल लॉरेन्स नावाच्या बाई उभ्या राहिल्या. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की गावांना जागेच्या नियमांआडून गरिबांना असं बाहेर ठेवता येणार नाही. नियमांत कुठंही ‘काळे नकोत’ लिहिलं नव्हतं. ‘घर एवढं मोठं हवं, आवार एवढं मोठं हवं’ असंच होतं. सभ्य भाषा. आपल्या ‘चांगला एरिया’सारखीच.

घर शोधताना लेकीबरोबर मीही फोनवर एका दलालबाईला विचारलं होतं, "तिथं कसे लोक राहतात?" तिनं गोड बोलून विषय बदलला आणि म्हणाली, पोलिसांचे आकडे तुम्हीच बघा. मला ती बाई लबाड वाटली. पुढं कळलं की तिथं १९६८ चा कायदा आहे. वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून घर नाकारायचं नाही, आणि गिऱ्हाइकाला त्या हिशेबानं इकडं-तिकडं वळवायचंही नाही. म्हणून ती गप्प बसली. तो कायदा पुरता पाळला जातो असं नाही. लोक आता ‘लोक कसे आहेत’ विचारत नाहीत, ‘क्राइम रेट काय’ विचारतात. पण निदान प्रश्न विचारणाऱ्याला लाज वाटावी एवढी सोय कायद्यानं केली आहे.

आमच्याकडं? टिळकवाडीत घर भाड्यानं द्यायचं म्हटलं की एजंटचा पहिला प्रश्न, "व्हेज पाहिजेत ना?" दुसरा, "आपल्यातलेच बघू की?" आणि आपण मान हलवतो. मी हलवली आहे. ज्या गावच्या किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती आणि सोळाव्या शतकातली साफा मशीद एकाच तटाच्या आत आजही उभ्या आहेत, त्याच गावात माझ्या वरच्या मजल्यासाठी एक शिक्षिका आली होती. नवरा बँकेत, दोन मुली, मुसलमान. बोलायला इतकी चांगली की निघाल्यावर ह्यांनी मला विचारलं, "देऊया की?" मीच म्हणाले, "नको. स्वयंपाकाचं अवघड होतं." तिनं आपणहून सांगितलं होतं की घरात काही शिजवणार नाही. तरी मी नको म्हणाले. स्वयंपाक हे निमित्त होतं.

मग आपल्यातलं कुटुंब आलं. पंचम की चतुर्थ हेही विचारून घेतलं. नवरा रोज सकाळी बस्तीत जाणारा, रात्रीचं न जेवणारा. तीन महिन्यांनी रात्री वरून आवाज यायला लागले. आधी भांड्याचा, मग भिंतीवर काही आपटल्याचा, मग बाईचा दबलेला. सकाळी ती जिन्यात भेटली की पदर ओठांपर्यंत. मी काय केलं, सांगू? टीव्हीचा आवाज वाढवला. "त्यांच्या घरातलं आपण कशाला बघायचं" म्हणून ह्यांना गप्प केलं. अकरा महिने. करार संपला, ते गेले. जाताना तिनं माझ्या हातावर हात ठेवला, काही बोलली नाही.

त्या अकरा महिन्यांत आमच्या गल्लीत पोलिसांच्या वहीत एकही गुन्हा नाही. आमचा दर लाखामागे शून्य! कुणी विचारलं असतं, "एरिया कसा आहे?" तर मीच म्हणाले असते, "एकदम सेफ. सगळे आपल्यासारखेच लोक आहेत."

आता पुन्हा आकडे बघा, पण हे आपल्या घरातले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याकडून हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण देशात २९ टक्के निघालं. आमच्या कर्नाटकात ४४ टक्के, सगळ्या राज्यांत वरचा नंबर. मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितलेल्या बायका देशभरात शंभरातल्या चौदा. बाकीच्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत होत्या म्हणायच्या. संयुक्त राष्ट्रांचा २०२३ चा हिशेब सांगतो की जगभरात ५१,१०० स्त्रिया आणि मुली नवऱ्याच्या, जोडीदाराच्या किंवा घरच्याच माणसाच्या हातून मारल्या गेल्या. त्या वर्षी खून झालेल्या एकूण स्त्रियांपैकी सुमारे साठ टक्के. पुरुषाला बाहेरच्याचं भय आहे, ते खरं. बाईनं मात्र दाराच्या आत कोण आहे ते आधी बघावं. आणि आपण मुलीचं लग्न ठरवताना काय विचारतो? एरिया चांगला आहे ना!

कोणी म्हणेल, मग काय लेकीला बंदुकीच्या तोंडी द्यायचं? नाही. काळजी घ्यायलाच पाहिजे. रात्री अकराला एकटीनं ओसाड गल्लीतून जाऊ नको, हे मी तिला कॅम्डेनमध्येही सांगेन आणि बेळगावातही. कॅम्डेनच्या त्या आजीनंही खिडकीला गज लावलेच आहेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की काळजी करायची तर नीट प्रश्न विचारून करा. रस्त्याला दिवे आहेत का? बस, गाडी रात्री किती वाजेपर्यंत मिळते? हाक मारली तर पोलीस किती वेळात येतात, आणि आल्यावर तक्रार लिहून घेतात का? शेजारी कोण आहे, तिचं नाव ठाऊक आहे का, मध्यरात्री तिचं दार वाजवता येईल का? जावई रागावला की काय करतो? मुलीच्या हातात तिचा स्वतःचा पैसा आणि पासपोर्ट आहे का? ह्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘कसे लोक राहतात’ यात नाही.

शास्त्रात सात भयं सांगितली आहेत. त्यांतलं एक अगुप्तीभय, म्हणजे आपल्याला तट नाही, कोट नाही, कुणीही आत शिरेल ही भीती. लहानपणी पाठ केलं तेव्हा वाटायचं, ह्यावर उपाय म्हणजे तट आणखी उंच करणं. पण सम्यक्दृष्टी माणूस निर्भय असतो असं त्यात आहे. त्याचा तट उंच असतो असं कुठंही लिहिलेलं नाही. आणि दानांत आपण अभयदानाला श्रेष्ठ म्हणतो. मुंग्यांना, पाखरांना ते द्यायला आपण तयार असतो. दोन मुलींना घेऊन जागा बघायला आलेल्या शिक्षिकेला आणि वरच्या मजल्यावरच्या त्या बाईला ते मी दिलं नाही.

माझ्या लेकीनं करार संपल्यावर कॅम्डेनमध्येच, त्या सात मिनिटांच्या अंतरावर, जागा घेतली. ह्या वेळी मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. गाडी विकली. अजून सुखरूप आहे. उद्याचं कोण सांगणार? मी रोज फोन करते, आणि भीती वाटते तेव्हा भीती वाटते असंच सांगते.

आमचा वरचा मजला गेल्या महिन्यात पुन्हा रिकामा झाला. एजंटचा फोन आला, "आपल्यातलेच बघू की?" मी म्हटलं, "येईल त्याला दाखव. भाडं वेळेवर देणारे असले की झालं." पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "वहिनी, साहेबांना विचारलंय का?"

विचारलेलं नव्हतं. संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, "त्या वेळीही मी देऊया म्हणालो होतो."